बास मासा धरताना गळाची लाईन सारखी तुटतेय? नवीन घ्यायच्या आधी तुटलेलं टोक बघा

हा प्रॉब्लेम मी इतक्या वेळा सोडवलाय, स्वतःच्या रॉडवर आणि दुसऱ्यांच्या पण, की आता कोणी "लाईन तुटते हो" म्हणालं की मी पहिल्यांदा एकच विचारतो, तुटलेलं टोक कुठंय? बहुतेकांनी ते कापून टाकून दिलेलं असतं. मग ते जास्त पौंडाची, म्हणजे जास्त ताण सोसणारी लाईन आणतात, आठवडाभर बरं चालतं आणि परत तेच सुरू. म्हणून सगळं एकदा नीट क्रमाने लिहितोय, जे फुकटात आणि दोन मिनिटांत बघता येतं ते आधी, जे खर्चाचं आणि किचकट ते शेवटी.

लक्षणं

हूकसेट, म्हणजे गळ माशाच्या तोंडात रुतवायचा झटका, मारला की फटकन तुटते, मासा दिसलासुद्धा नसतो. किंवा मासा पार काठापर्यंत येतो आणि शेवटची उसळी मारली की जाते. किंवा मासाच नसतो, जोरात कास्ट केला, म्हणजे लाईन लांब फेकली, की ल्यूर (नकली आमिष) एकटंच उडून जातं आणि हातात सैल लाईन उरते. हे झाले तुटण्याचे प्रकार.

न तुटण्याचे पण प्रकार आहेत आणि त्यांचं मूळ पुष्कळदा तेच असतं. मासा लागतो आणि अर्ध्यात सुटतो, गळ बघावा तर तो सरळ झालेला. स्पिनिंग रिळावरून एकदम दहा-बारा वेटोळी सुटतात आणि पहिल्या गाईडला, म्हणजे रॉडवरच्या लाईनच्या कडीला, गुंत्याचा गोळा अडकतो. ड्रॅग, म्हणजे जोर आला की लाईन सोडणारा रिळाचा ब्रेक, पूर्ण आवळलाय, हँडल फिरवतोय, पण लाईन काही आत येत नाही. पाण्यावर चालायचं ल्यूर नाक खाली खुपसून चालतं. यातलं एखादं महिन्यात एकदा झालं तर सोडून द्या, एकाच दिवसात दोनतीनदा झालं तर पुढचं वाचा.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढा, मासा मोठा होता म्हणून लाईन तुटली ही. लार्जमाउथ बासचा जागतिक विक्रम 1932 साली अमेरिकेत जॉर्जियामध्ये जॉर्ज पेरीच्या नावावर लागला, 22 पौंड 4 औंस, आणि 2009 मध्ये जपानच्या बिवा तलावात मानाबू कुरिताने धरलेला मासा त्याच्याशी बरोबरीचा मानला गेला. म्हणजे आजवरचा सगळ्यात मोठा बास साधारण 10 किलोचा. आपल्या गळाला लागतो तो बहुतेक वेळा एक-दीड किलोचा असतो आणि लाईनवर लिहिलेलं असतं 12 पौंड, म्हणजे साडेपाच किलोच्या आसपास. नुसत्या वजनाने ती तुटायलाच नको. तरी तुटते म्हणजे ती तिथं आधीच कमजोर झालेली होती, आणि कुठं आणि कशाने झाली तेच शोधायचंय.

तुटलेलं टोक बघा

याला काहीच लागत नाही, फक्त उजेड आणि थोडा धीर. टोक आभाळासमोर धरा, डोळ्याला दिसत नसेल तर मोबाईलच्या कॅमेऱ्यात मोठं करून बघा.

टोक डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं असेल तर गाठ सरकली, लाईन तुटलेलीच नाही. टोकाच्या आधीचे चार-सहा इंच खरखरीत, पांढरट, ओरखडे पडलेले असतील तर ती दगडावर किंवा बुडालेल्या लाकडावर घासली. टोक एकदम स्वच्छ, ब्लेडने कापल्यासारखं, आणि आजूबाजूची लाईन गुळगुळीत, तर एखाद्या धारदार कडेने कापलीय, बऱ्याचदा तडा गेलेल्या गाईडने. (बासचे दात कानसेसारखे खरखरीत असतात, ते लाईन हळूहळू झिजवतात, एका झटक्यात कापत नाहीत. पाण्यात पाईकसारखा धारदार दातांचा मासा असेल तर गोष्ट वेगळी.) आणि टोक लांब ओढल्यासारखं निमुळतं, तर खरोखरच जास्त ताण आला, म्हणजे ड्रॅगकडे बघायचं.

मागच्या सीझनला माझ्या शेजारी एक पोरगा उभा होता, सकाळपासून त्याचे तीन मासे गेलेले. मला म्हणाला, "दादा, ही लाईनच बोगस आहे, आजच नवीन घेतो." म्हटलं, थांब रे, टोक दाखव. फ्लुरोचं, म्हणजे फ्लुरोकार्बन लाईनचं टोक होतं, पुढचा सेंटीमीटरभर भाग स्प्रिंगसारखा वळलेला, आणि वळलेल्या भागावर बारीक पांढरा धूरकट पट्टा. हा पट्टा ओळखायला शिका. गाठ कोरडी आवळली की घर्षणाने लाईन तापते आणि तिथंच ती भाजते. त्याला तीच लाईन, तोच गळ, फक्त गाठ ओली करून हळू आवळायला सांगितली. दुपारपर्यंत त्याने दोन मासे काढले आणि लाईन अजून तीच वापरतोय.

शेवटचा मीटरभर बोटाने तपासा

ल्यूरपासून वर मीटरभर लाईन अंगठा आणि तर्जनीच्या नखांमधून ओढा. कुठं खरखर लागली, खाच लागली, चपटं वाटलं, की तिथून वर कापा आणि परत बांधा. दोन इंच वाचवायला जाऊ नका, अर्धा मीटर सरळ कापा. बास आडोशाला राहणारा मासा आहे, दगड, बुडालेली झाडं, पाणवेली, धक्क्याचे खांब. आपण ल्यूर तिथंच टाकतो म्हणजे शेवटचा मीटर दिवसभर घासतच असतो. प्रत्येक माशानंतर आणि प्रत्येक वेळी अडकून सुटल्यावर हे करायचं, सवय लागली की दहा सेकंदांचं काम आहे. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त केसेस टोक आणि हा मीटर बघून इथंच संपतात.

गाठ

गाठ लाईनप्रमाणे बदलते हे पुष्कळांना कोणी सांगितलेलंच नसतं. मोनोवर, म्हणजे आपल्या साध्या तंगूसवर, इम्प्रूव्ह्ड क्लिंच ही गाठ मस्त बसते. तीच ब्रेडेडवर, म्हणजे वेणीसारख्या विणलेल्या लाईनवर, बांधली की ताण आला की सरकते, कारण ब्रेडेडचा धागा गुळगुळीत, गाठ धरून ठेवायला त्याला पकडच नाही. ब्रेडेडला पालोमार बांधा. लाईन दुहेरी करून गळाच्या डोळ्यातून काढायची, दुहेरी लाईनचीच एक साधी सैल गाठ मारायची, मग पूर्ण गळ त्या फासातून ओवून बाहेर काढायचा, ओलं करून आवळायचं. फ्लुरोला पण पालोमार चालते, फक्त दोन पदर एकमेकांवर चढू देऊ नका, चढले तर ओढताना एक पदर दुसऱ्याला कापतो.

ब्रेडेडला पुढे फ्लुरोचा लीडर (टोकाचा छोटा तुकडा) जोडत असाल तर डबल युनी शिकायला सोपी, एफजी बांधायला वेळखाऊ पण बारीक होते आणि गाईडमधून अडखळत नाही. कास्ट करताना ल्यूर उडून जात असेल तर ही जोडगाठच गाईडला टकटक आपटत नाहीये ना ते बघा, लीडर आखूड ठेवून गाठ रॉडच्या बाहेर लटकू दिली तर त्रास लगेच थांबतो.

गाठ बांधल्यावर गळ कशात तरी घट्ट अडकवून ओढून बघा. ओढताना तोंड बाजूला ठेवा आणि ब्रेडेड कधीच नुसत्या हाताला गुंडाळून ओढू नका, बोट हाडापर्यंत कापतं. फडक्यावर किंवा लाकडाच्या तुकड्यावर गुंडाळा.

ड्रॅग

टोक निमुळतं निघालं असेल किंवा मासा काठाजवळच तुटत असेल तर हे. काठाजवळ आल्यावर बाहेरची लाईन जेमतेम चार-पाच मीटर उरलेली असते, ताण खायला लांबीच नसते, म्हणून झटका सगळा गाठीवर येतो. ड्रॅग लाईनच्या ताकदीच्या साधारण पाव ते एकतृतीयांश ठेवा, म्हणजे 12 पौंडाच्या लाईनला 3 ते 4 पौंड. स्प्रिंगचा वजनकाटा लाईनला बांधून, रॉड वाकवून हळू ओढा, लाईन सुटायला लागते तो आकडा बघा. हाताच्या अंदाजावर जाऊ नका, मी पण आधी अंदाजाने लावायचो आणि काट्यावर बघितलं तेव्हा तो दुप्पट निघाला. लिलीच्या पानांत वगैरे जाड ब्रेडेडने मासा ओढून काढायचा असेल तर ड्रॅग जवळपास बंदच ठेवतात, ते वेगळं, तिथं रॉड आणि गळ पण तसेच दणकट असतात.

आकड्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे ड्रॅग सुटताना कसा सुटतो. सलग सुटला तर ठीक. आधी अडून मग एकदम सुटत असेल, तर त्या अडण्याच्या क्षणी लाईनवर काट्यावरच्या आकड्यापेक्षा खूप जास्त ताण येतो. घरी आल्यावर ड्रॅग सैल करून ठेवा, आवळून महिनाभर ठेवला की आतले वॉशर दबून बसतात आणि असं अडकणं तिथूनच सुरू होतं.

रिळावर लाईन किती आणि कशी

वेटोळी आणि गुंत्याच्या तक्रारी जवळजवळ सगळ्या इथल्या. स्पिनिंग रिळावर लाईन स्पूलच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर खाली असावी. काठोकाठ भरली की स्वतःहून सुटते, फार कमी भरली की कडेला घासून कास्ट तोकडा होतो आणि मग आपण जोर लावतो. कास्ट झाल्यावर बेल (रिळावरची तारेची कमान) हँडल फिरवून बंद करू नका, हाताने बंद करा आणि एकदा लाईन हलकी ओढून ताठ करा. ब्रेडेडमध्ये हवेतल्या हवेत ज्या गाठी पडतात त्यातल्या बहुतेक या एका सवयीने जातात.

पीळ पडलाय का बघायला ल्यूरजवळची लाईन सैल सोडा, ती स्वतःभोवती फिरून दोरीसारखी होत असेल तर पीळ आहे. बोटीत असाल तर ल्यूर काढून नुसती लाईन पन्नास-साठ मीटर मागे सोडा, बोट हळू चालू द्या, चार-पाच मिनिटांत पीळ पाण्यातच उलगडतो. काठावर असाल तर मोकळ्या मैदानात लाईन पसरून तेच करता येतं. फिरणारं स्पिनर ल्यूर वापरत असाल तर पुढे स्विव्हल (फिरणारी कडी) लावल्याशिवाय पीळ परत येणारच.

हँडल फिरतंय आणि लाईन येत नाही याचं कारण रीळ खराब हे बहुतेक वेळा नसतं. स्पूलला बोट लावून बघा, ब्रेडेडचा अख्खा गठ्ठा स्पूलवर गोल फिरत असतो. ब्रेडेड ताणली जात नाही आणि गुळगुळीत धातूला धरत नाही म्हणून तळाला आधी थोडी मोनो गुंडाळायची, स्पूल झाकण्यापुरती, आणि तिला ब्रेडेड बांधायची. काही स्पूलला रबरी पट्टी असते, त्यांना हे लागत नाही.

गाईड

टोक स्वच्छ कापलेलं असेल तर कापूस किंवा कानाची काडी घ्या आणि प्रत्येक गाईडच्या आतल्या कड्यावरून गोल फिरवा, टोकाच्या गाईडवरून दोनदा. कापसाचा धागा अडकला तिथं तडा आहे. डोळ्याला हा तडा केसाएवढाही दिसत नाही पण ताणलेली लाईन त्यावरून शंभर वेळा जाते. रिळाच्या लाईन रोलरवरून (बेलजवळची बारीक चाकी) पण नख फिरवून बघा, खाच लागतेय का, आणि रोलर फिरतोय का. अडकलेला रोलर लाईन झिजवतो आणि पीळ पण पाडतो.

आता कुठे लाईनचा प्रकार

वरचं सगळं ठीक असेल आणि तरी त्रास असेल, तर आता मानायचं की लाईन चुकीच्या कामाला लावलीय. तिन्ही प्रकारांत चांगली-वाईट असं नाही, तिन्हींचे स्वभाव वेगळे आहेत.

मोनो म्हणजे नायलॉन. ती ताणली जाते, तुटायच्या आधी लांबीच्या पाचव्या हिश्शाएवढी किंवा त्याहूनही जास्त, म्हणून झटके खाते आणि चुकांना माफ करते. तिची घनता 1.14 च्या आसपास, पाण्यापेक्षा किंचित जड, पण इतकी किंचित की बारीक लाईन पाण्याच्या वरच्या थरातच रेंगाळते, म्हणून पाण्यावर चालणाऱ्या ल्यूरला चांगली. तोटा असा की ती पाणी शोषते, भिजली की थोडी कमजोर होते, आणि उन्हाने कुजते. गाडीच्या काचेमागे पडलेलं मोनोचं रीळ मी तरी वापरत नाही.

फ्लुरो ही पीव्हीडीएफ नावाच्या प्लास्टिकची, मासेमारीची लाईन म्हणून जपानमध्ये 1971 पासून आली. घनता 1.78, म्हणून बुडते. प्रकाश वाकवण्याचा तिचा आकडा 1.42, पाण्याचा 1.33, नायलॉनचा 1.5 च्या वर, म्हणून नितळ पाण्यात फ्लुरो कमी दिसते. पाणी शोषत नाही, ऊन सहन करते, दगडावर बऱ्यापैकी टिकते. पण ती ताणलीच जात नाही हा गैरसमज आहे. ताणली जाते, फक्त सुरुवातीला जास्त जोर लागतो, आणि हद्दीबाहेर ताणली की मूळ लांबीवर नीट परत येत नाही. म्हणून अडकलेलं ल्यूर जोरात ओढून काढलं असेल तर पुढचे काही मीटर गेले समजा, कापून टाका. बेटकास्टर रिळावर (कास्ट करताना ज्याचं स्पूल फिरतं) गुंता झाला आणि फ्लुरोला तीक्ष्ण घडी पडली तरी तेच, ती घडी पुढच्या हूकसेटला तुटते.

ब्रेडेड ही पॉलिथिलीनच्या बारीक धाग्यांची वेणी, घनता 0.97, तरंगते, ताण जवळपास नाहीच, आणि जाडीच्या मानाने प्रचंड दणकट, 50 पौंडाची ब्रेडेड साधारण 12 पौंडाच्या मोनोएवढी जाड. पाणवेली कापत जाते. पण दगडाच्या धारेवर ताणलेली असेल तर टिकत नाही, आणि नितळ पाण्यात सरळ दिसते.

आता लक्षणांशी जुळवा. मासा लागून सुटतोय, ल्यूर तीनकाटी गळाचं क्रँकबेट (ओढलं की बुडी मारणारं) आणि लाईन ब्रेडेड, तर ताण खायला काहीच नाही, तोंड फाटतं नाहीतर गळ सरळ होतो. 10-12 पौंडाची मोनो किंवा फ्लुरो लावा, फ्लुरोवर ते थोडं खोलही जाईल. पाण्यावरचं ल्यूर नाक खुपसतंय तर लाईन फ्लुरो असणार, बुडणारी लाईन त्याला खाली ओढते, 12 ते 17 पौंडाची मोनो लावा. पानांच्या गालिच्यावर बेडूक ल्यूर खेळवताना मासा आत घुसून तोडतोय, तिथं 50 ते 65 पौंडाची ब्रेडेड, लीडर नकोच. दगडी तळावर टेक्सास रिग किंवा जिग (तळाला चालवायची वजनदार आमिषं) घासून तुटतंय तर 14 ते 17 पौंडाची फ्लुरो. नितळ पाण्यात ड्रॉपशॉट (वजन खाली, गळ त्याच्या वर), हलकी ल्यूर, स्पिनिंग रॉड, तिथं 10-15 पौंडाची ब्रेडेड आणि पुढे 6-8 पौंडाचा फ्लुरो लीडर, आणि स्पिनिंग रिळावर वेटोळी सुटायचा त्रास याच जोडीने सगळ्यात जास्त कमी होतो. जाड फ्लुरो छोट्या स्पिनिंग रिळावर भरू नका, ती स्प्रिंगसारखी उसळते, कितीही महाग घेतली तरी.

एकच रॉड, एकच लाईन परवडते आणि सगळंच थोडंथोडं करायचंय, तर मी 12 पौंडाची मोनो सांगेन, आणि ती सीझनला एकदा तरी बदला. लाईन घेताना पौंडाबरोबर मिलिमीटरमधली जाडी पण वाचा, एकाच पौंडाच्या दोन लाईन जाडीत बऱ्याच वेगळ्या निघतात आणि जाडी जास्त असलेली दणकट वाटते ते पुष्कळदा तेवढ्याचमुळे.

जुनी लाईन पाण्यात किंवा काठावर टाकू नका, पक्ष्यांच्या पायात अडकून पाय तुटतात, मी स्वतः सोडवलेत. बारीक तुकडे करून घरच्या कचऱ्यात टाका.

इथं थांबा

गाईडच्या कड्याला तडा सापडला तर पॉलिश पेपरने घासत बसू नका, कड्याचा थर निघतो आणि आणखी कापतं. टोकाचं गाईड गरम चिकटवणीने घरी बदलता येतं, पण मधली गाईड दोऱ्याने गुंडाळून वर राळ लावलेली असतात, ती रॉड दुरुस्त करणाऱ्याकडेच द्या. रॉडच्या नळीलाच तडा दिसला तर तो वापरणं बंद.

ड्रॅगचे वॉशर बदलूनही अडत असेल, हँडल फिरवताना खरखर येत असेल, रोलर साफ करूनही फिरत नसेल किंवा बेल वाकली असेल तर रीळ उघडू नका, सर्व्हिसिंगला द्या. आतल्या स्प्रिंगा आणि शिम (पातळ चकत्या) इतक्या बारीक असतात की एक उडाली की रीळ मेलं.

लाईन किंवा ल्यूर विजेच्या तारेत अडकलं तर ओढायचं नाही, रॉड सोडून लांब व्हायचं, ग्रॅफाईटच्या रॉडमधून वीज वाहते. वीजवाल्यांना कळवा. आणि तुटलेल्या लाईनचा गळ उलटून डोळ्याच्या आसपास, मानेत किंवा सांध्यात काट्यापर्यंत रुतला तर तो तसाच राहू द्या, लाईन कापा, गळ हलणार नाही असं बघा आणि थेट डॉक्टरकडे.

रीळ दुरुस्तीला नेताना मात्र लाईन काढून नेऊ नका, जशी आहे तशी न्या, आणि तुटलेली तीन-चार टोकं कागदाला चिकटवून सोबत द्या, प्रत्येकाखाली लिहून, कास्टला गेली, हूकसेटला गेली की काठावर.